माउईवर ऑडिओ टूर लावून स्वतः गाडीने फिरायचं असेल तर

हवाईला जायचं ठरलं की घरात पहिला वाद हाच, व्हॅनची गायडेड टूर घ्यायची की आपणच गाडी चालवायची. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून हवाईतल्या माउई बेटावर थेट फ्लाइट आहे, पाच-साडेपाच तासांत तिथल्या काहुलुई विमानतळावर उतरता येतं, भारतातून आई-बाबा आलेले असले की त्यांनाही न्यायचं असतं, आणि मग कोणीतरी सांगतं की हानाचा, म्हणजे माउईच्या पूर्व टोकाच्या गावाचा, रस्ता फार वळणांचा आहे बाबा, टूर घ्या. व्हॅनवाले माणशी दीड-दोनशे डॉलर आरामात घेतात, थांबे त्यांचे, वेळ त्यांची, आणि बाबांना मध्येच बाथरूमला जायचं असेल तर सगळ्या ग्रूपकडे बघत बसायचं. त्यापेक्षा फोनवर ऑडिओ टूर विकत घ्यायची, भाड्याच्या गाडीच्या स्पीकरवर लावायची आणि आपल्या वेगाने जायचं. पैसे एका गाडीचे एकदाच जातात, आत दोन माणसं असोत की पाच. माउईसाठी मी तरी डोळे झाकून हेच सुचवेन, पण एका अटीवर, तयारी आदल्या रात्री पूर्ण झालेली हवी, कारण हानाच्या रस्त्यावर गेल्यावर काही दुरुस्त करता येत नाही.

हे चालतं कसं

ॲप फोनच्या जीपीएसवरून तुम्ही कुठे आहात ते ओळखतं. रस्त्यावर ठिकठिकाणी पॉइंट्स ठरवलेले असतात, गाडी त्या टप्प्यात शिरली की रेकॉर्ड केलेला आवाज आपोआप सुरू होतो, म्हणजे पुढचा धबधबा यायच्या थोडं आधी तो सांगतो की उजवीकडे बघा, पार्किंग पुलाच्या पलीकडे आहे, वगैरे. मधल्या वेळात गोष्टी, इतिहास, हवाईयन गाणी. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, फोन सॅटेलाइटचा सिग्नल थेट घेतो, म्हणून टूर आधी डाउनलोड केलेली असेल तर रेंज गेली तरी ती चालत राहते. आणि हानाच्या रस्त्यावर बऱ्याच भागात रेंज नसतेच.

माउईसाठी शाका गाइड आणि गाइडअलाँग ही दोन नावं जास्त ऐकू येतात, दुसऱ्याचं नाव पूर्वी जिप्सी गाइड होतं. शाका हवाईतच सुरू झालेली कंपनी आहे, गाइडअलाँग कॅनडाची. दोन्हींचे नमुने ऐका आणि ज्याचा आवाज तुम्हाला दिवसभर सहन होईल तो घ्या, हा मुद्दा क्षुल्लक वाटतो पण आठ-नऊ तास तोच माणूस गाडीत बोलणार आहे. कॉमेंटरी इंग्लिशमध्ये असते. आई-बाबांना अमेरिकन उच्चार पकडता आले नाहीत तर पुढच्या सीटवरच्या माणसाने पॉज करून दोन वाक्यांत मराठीत सांगायचं, त्यात जी मजा येते ती व्हॅनमध्ये नाही.

निघायच्या महिनाभर आधी

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात. त्यांना वाटतं ऑडिओ टूर घेतली म्हणजे सगळं आलं. तसं नाहीये. टूर फक्त आवाज आहे, त्यात प्रवेशाचं तिकीट नसतं, रिझर्वेशन नसतं.

वाइआनापानापा स्टेट पार्क, म्हणजे तो काळ्या वाळूचा बीच, तिथे हवाईबाहेरच्या लोकांना ऑनलाइन रिझर्वेशन सक्तीचं आहे. ३० दिवस आधी बुकिंग उघडतं, वेळेचे स्लॉट असतात, आणि गेटवर जाऊन विनंती केली तरी सोडत नाहीत. सकाळी लवकर निघणार असाल तर दहाच्या पुढचा नाहीतर दुपारी साडेबाराच्या पुढचा स्लॉट बघा, कारण स्लॉट सकाळी सातचा घेतलात तर वाटेतलं सगळं सोडून धावत जावं लागेल.

हालेआकाला नॅशनल पार्कमध्ये, म्हणजे इथल्या उंच ज्वालामुखीच्या डोंगरावर, सूर्योदय बघायचा असेल तर पहाटे ३ ते ७ मध्ये आत शिरायला गाडीचं वेगळं रिझर्वेशन लागतं, ते ६० दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं. पार्कची एंट्री त्याशिवाय वेगळी, एका गाडीची पावती ३ दिवस चालते आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे की त्याच पावतीवर शिखर आणि हानाच्या पलीकडचा किपाहुलूचा भाग दोन्ही बघता येतात, म्हणून हे दोन दिवस लागून ठेवा. पैसे कार्डाने द्यायचे, रोख घेत नाहीत. इआओ व्हॅलीलाही आता बाहेरच्यांना रिझर्वेशन लागतं.

गाडी छोटी घ्या. जीप घेऊन फोटो छान येतात हे खरं, पण हानाचा रस्ता पूर्ण डांबरी आहे आणि अरुंद आहे, तिथे बारीक गाडीच बरी पडते. भारतातलं लायसन्स घेऊन येणाऱ्याने आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढूनच यावं, ते भारतातूनच काढावं लागतं आणि एक वर्ष चालतं. पण खरं सांगायचं तर जो माणूस आयुष्यात पहिल्यांदाच रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणार आहे त्याने हानापासून सुरुवात करू नये. आधी किहेई-वाइलेआच्या सरळ रस्त्यावर एक दिवस काढा.

आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर

टूर डाउनलोड करा, पूर्ण झाली का बघा, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून ॲप उघडून बघा. उघडलं, नकाशा दिसला, म्हणजे झालं. लोकेशनची परमिशन द्या, लो पॉवर मोड बंद करा कारण तो चालू असला की काही फोन मागे चाललेलं ॲप झोपवतात आणि आवाज येतच नाही. गूगल मॅप्सवर माउईचा ऑफलाइन नकाशाही उतरवून ठेवा. दुसऱ्या एका फोनवरही तीच टूर टाकता येत असेल तर टाका. एसीच्या जाळीवर क्लिपने फोन लावलात तर हवा लागून तो थंड राहतो, काचेपाशी ठेवलात तर हवाईच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, आणि चार्जिंगची केबल तर हवीच, दिवसभर जीपीएस चालू म्हणजे बॅटरी दुपारपर्यंत खल्लास.

मग ॲपमधली थांब्यांची यादी उघडा आणि सगळ्यांनी मिळून वाचा. यादी मोठी असते. त्यातले चार, फार तर पाच निवडा. मी हे जोर देऊन सांगते, चार-पाचच. आवाज तुम्हाला प्रत्येक ठिकाणी सांगणार की इथे थांबा, सुंदर आहे, आणि खरंच सुंदर असतं, पण प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं घातली तर हानाला पोचेपर्यंत परतायची वेळ होते आणि अंधारात ती वळणं उतरावी लागतात. टूर सुचवते, ठरवायचं तुम्ही.

हानाचा दिवस

काहुलुईहून हाना साधारण ५२ मैल. ऐकायला काहीच नाही. पण ६०० च्या वर वळणं आणि ५९ पूल, त्यातले ४६ एकपदरी, त्यामुळे न थांबता गेलात तरी अडीच तास धरा. सकाळी साडेसहा-सातला पाइया गाव सोडलेलं असावं. पेट्रोल पाइयातच फुल करा, त्यानंतर पंप थेट हानाला. खायचंही इथूनच बांधून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच, पुढे टपऱ्यांवर बनाना ब्रेड आणि फळं मिळतात पण जेवण मिळेलच असं नाही. सुटे डॉलर जवळ ठेवा, काही टपऱ्यांवर कोणी माणूसच नसतो, डब्यात पैसे टाकायचे आणि फळ उचलायचं.

टूर पाइयाच्या आसपास सुरू करा, गाडी उभी असताना. हवाईत चालवताना फोन हातात धरणं कायद्याने बंद आहे, त्यामुळे फोनचं सगळं काम शेजारच्याकडे, ड्रायव्हरने फक्त ऐकायचं. ब्लूटूथ जोडलं की एकदा आवाज येतोय का बघून घ्या. मध्येच बराच वेळ शांतता पसरली तर घाबरू नका, काही पट्ट्यात बोलण्यासारखं नसतं म्हणून गप्प असतात. मात्र ओळखीचा थांबा मागे पडला आणि आवाज आलाच नाही तर पुढे जागा बघून थांबा, ॲप बंद करून परत उघडा.

एक गोष्ट नवीन माणसाला गोंधळात टाकते, मैलांचे दगड. हायवे ३६ चा साधारण १६ मैलांनंतर हायवे ३६० होतो आणि दगड परत शून्यापासून सुरू होतात. म्हणजे कोणी सांगितलं की अमुक जागा बारा मैलांवर आहे तर ती या दुसऱ्या शून्यापासून. हानाच्या पलीकडे तर आकडे उलटे उतरत जातात. ॲप हे सांभाळून घेतं, पण ॲप रुसलं तर हे दगडच तुमचा आधार.

वाटेत होओकिपा बीचला दुपारच्या पुढे कासवं वाळूवर येऊन पडतात, ती परतताना बघा. त्यांच्यापासून निदान १० फूट लांब राहायचं. सातव्या मैलाच्या आसपास रेनबो युकॅलिप्टसची झाडं आहेत, साल सोलवटून हिरवी, केशरी, जांभळी दिसते, पण तिथे गाडी उभी करायला धड जागा नाही, चालत्या गाडीतूनच बघा. बाराव्या मैलाला काउमाहीनाला बाथरूम आहे. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर हा थांबा सोडू नका.

आणि मग केआने. हा थांबा मात्र मी कोणालाच गाळू देणार नाही. सोळाव्या मैलाच्या पुढे डावीकडे रस्ता खाली समुद्राकडे उतरतो, काळ्या लाव्ह्याचा एक सपाट तुकडा समुद्रात घुसलेला आहे आणि त्यावर पाण्याने भरलेली अळूची खाचरं. हो, आपला अळू. हवाईयन लोक त्याला कालो म्हणतात, कंद वाफवून कुटून त्याची पोई करतात, आणि त्यांच्या कथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे, आधी तो जन्मला, मग माणूस, म्हणून धाकट्याने थोरल्याची निगा राखायची आणि थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचं. इथली माती लोकांनी डोंगरावरून टोपल्यांनी वाहून आणली असं सांगतात. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीने गाव धुऊन नेलं, १८६० चं दगडी चर्च तेवढं राहिलं, ते आजही बघता येतं. कोकणातल्या माणसाला इथे फार काही समजावून सांगावं लागत नाही, नीरफणस दिसतो, नारळ आहेतच, रस्त्याकडेला सोनटक्क्याचा वास येतो, केवड्याच्या जातीची झाडं आहेत ज्यांच्या पानांच्या चटया विणतात. खाचरं लोकांची खाजगी आहेत, बांधावर चढून फोटो काढायचे नाहीत.

या अळूच्या निमित्ताने टूरमध्ये पाण्याची गोष्ट आली तर ती नीट ऐका. १८७० च्या दशकापासून उसाच्या मळेवाल्यांनी पूर्व माउईचे ओढे पाटांनी वळवून कोरड्या मध्य माउईकडे नेले, ऊस पिकला, पण खालच्या अळूच्या शेतांना पाणी कमी पडलं. शेतकरी कित्येक वर्षं भांडले. शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या शेवटी बंद झाला आणि २०१८ मध्ये राज्याच्या जल आयोगाने बऱ्याच ओढ्यांचं पाणी परत सोडायचा आदेश दिला. ऊस, पाट आणि पाणी कोणाचं, हा प्रश्न महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला काही नवीन नाही, बाबा लोक इथे हमखास गप्पांत शिरतात. हे माहीत असलं की पुलाखालून वाहणारं पाणी वेगळ्या नजरेने दिसतं, आणि ऑडिओ टूरचे पैसे मला वाटतं इथे वसूल होतात.

पुढे बाविसाव्या मैलाला पुआआ काआला परत बाथरूम आणि छोटा धबधबा, चालायला जवळ. ३२ व्या मैलाला वाइआनापानापा. बीच छोटा आहे, लाटा जोरदार असतात, पोहण्यापेक्षा लाव्ह्याच्या कडेने चालत फिरा. तिथल्या गुहेत लपलेल्या राजकन्येची आणि संशयी नवऱ्याची गोष्ट टूरमध्ये असतेच, वर्षातून काही काळ पाणी लाल दिसतं ते तिचं रक्त असं म्हणतात, प्रत्यक्षात बारीक लाल कोळंबीमुळे तसं दिसतं.

दम असेल तर हानाच्या पुढे दहा मैल किपाहुलूपर्यंत जा. पिपीवाई ट्रेल जाऊन-येऊन ४ मैल, मध्ये दाट बांबूचं बन, शेवटी ४०० फुटांचा वाइमोकू धबधबा. गुडघे दुखणाऱ्यांनी अर्ध्यातून परत फिरलं तरी चालतं. पण ट्रेल करायचा असेल तर वाटेतले थांबे दोनच ठेवा, दोन्ही होत नाही. आणि जमत असेल तर सरळ हानालाच एक रात्र मुक्काम करा, मग हा सगळा हिशोबच सुटतो.

रस्त्यावर वागायचं कसं

हा रस्ता हानाच्या लोकांचा रोजचा रस्ता आहे. शाळा, नोकरी, दवाखाना, सगळं यावरूनच. मागे गाडी आली की पुढच्या मोकळ्या जागेत बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या. ते हॉर्न देणार नाहीत, हवाईत विनाकारण हॉर्न वाजवणं उद्धट समजतात, म्हणून आरशात बघत राहणं तुमचं काम. एकपदरी पुलावर समोरचा आधी आला असेल तर थांबायचं, रांग असेल तर पाच-सात गाड्या एका बाजूच्या मग दुसऱ्या बाजूच्या असं चालतं, जाताना हात वर करून थँक्स म्हणायचं. पुलावर गाडी थांबवून फोटो अजिबात नाही. नो पार्किंगला लावलीत तर दंड २०० डॉलरच्या वर जातो. कापू, म्हणजे प्रवेश बंद, असं लिहिलेलं दिसलं तर आत जायचं नाही, मग इन्स्टाग्रामवर तिथला कितीही भारी फोटो असो.

पाणी हा गंभीर विषय. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा अचानक फुगतो. पाणी गढूळ झालं, फांद्या वाहून यायला लागल्या की तात्काळ बाहेर. अंगावर जखम असेल तर धबधब्याच्या डोहात उतरू नका, लेप्टोचा धोका आहे, मुंबईकरांना हे सांगायची गरज नाही. सनस्क्रीन मिनरलवालंच घ्या, माउईत २०२२ पासून बाकीचं वापरायलाही बंदी आहे, कोरल मरतात म्हणून.

ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं, पोट अगदी रिकामं ठेवू नये, आलेपाक किंवा आवळा सुपारी तोंडात ठेवावी. गाडी लागत असेल तर औषध निघायच्या आधी घ्या, वळणं सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. ताजी फळं मात्र विमानातून नेऊ-आणू नका, दोन्हीकडे शेतीमालाची तपासणी असते.

हालेआकालाचा दिवस

थोडक्यात सांगते. समुद्रसपाटीपासून १०,०२३ फुटांवर, ३८ मैलांत. सूर्योदयाला जाणार असाल तर ऑडिओ टूरचा चढतानाचा भाग जवळजवळ वाया जातो, काळ्याकुट्ट अंधारात तो सांगतो डावीकडे दरी बघा आणि दिसत काहीच नाही. म्हणून ऐकत जायचं असेल तर दुपारी निघून सूर्यास्ताला जा, त्याला रिझर्वेशन लागत नाही. वर पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो, हवाईला कशाला म्हणून स्वेटर न आणलेली मंडळी तिथे हॉटेलचे टॉवेल गुंडाळून उभी असतात. हवा विरळ असते, बीपी-हार्टचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. पार्कमध्ये पेट्रोल नाही, पुकालानीला भरून घ्या. उतरताना लो गिअर, सतत ब्रेक दाबत आलात तर ब्रेक तापतात. नेने नावाची बदकासारखी पाखरं रस्त्यावर येतात, हवाईचा राज्यपक्षी आहे, संख्येने कमी उरलेत, हळू चालवा.

लाहाइनाबद्दल

८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत लाहाइना गाव जळालं, शंभराहून जास्त माणसं गेली. तुमच्या टूरमध्ये पश्चिम माउईचा भाग असेल तर डाउनलोड अपडेट करून घ्या, म्हणजे जुन्या फ्रंट स्ट्रीटची दुकानं सांगणारा आवाज तुमच्या कानावर येणार नाही. जळालेल्या घरांचे फोटो काढायला जायचं नाही. त्या बाजूची चालू दुकानं, हॉटेलं यांच्याकडून मात्र जरूर खरेदी करा. डिसेंबर ते एप्रिल तिकडे जात असाल तर पापावाई पॉइंटला थांबा, रस्त्यावरून हम्पबॅक व्हेल दिसतात.

परतताना

हानाहून दुपारी साडेतीनच्या आत निघा, हिवाळ्यात पावणेसहालाच सूर्य मावळतो. गूगल कधीकधी कौपोवरून दक्षिणेचा रस्ता दाखवतं, गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या करारात तो रस्ता चालत नाही, तिथे काही झालं तर खर्च तुमच्या अंगावर, तेव्हा करार आधी वाचा. आल्या वाटेनेच परतलात तर टूर बहुतेक वेळ गप्प असते कारण पॉइंट्स जातानाच्या दिशेने लावलेले असतात, त्यामुळे फोन काढून ठेवा, आपली गाणी लावा, ड्रायव्हर बदला आणि सकाळी सोडलेला एखादा थांबा उजेड असेल तर आता घ्या. पाइयाला पोचलात की आधी जेवा, तिथली हॉटेलं लवकर बंद होतात.